आत्या, मोजे काढा

आत्या, तुमचे पाय गेले. हात माझ्या हातात होते, चारी हात घट्ट, कैचीसारखे अडकवलेले, आणि खालून पायच गेले. मी सोडलं नव्हतं हो. देवाशप्पथ सोडलं नव्हतं. तुम्ही गरागरा फिरता फिरता एकदम खाली, मी तुमच्या अंगावर पडता पडता वाचले, आणि कट्ट असा आवाज झाला, वाळकी काटकी पायाखाली यावी तसा. मला वाटलं हॉलची फळी वाजली. बाकीच्या बायका हसायला लागल्या, कारण तुम्हीच हसत होता, खाली पडून, पदर तोंडाला लावून. मी पण हसले. आत्या, मी पण हसले. ते हसणं माझ्या कानातनं जात नाही.

मग तुम्ही म्हणालात, "सुवर्णा, उठवू नगंस मला. आत कायतरी मोडलंया."

पुढचं मला धड सांगता येत नाही. माझी तान्ही छोटी बाबागाडीत किंचाळायला लागली. थोरल्या ईश्वरीला शाळेला सुट्टी होती म्हणून ती पण तिथंच, "मॅमी, मॅमी" करत माझा कुर्ता ओढतेय. कुणीतरी फोन कानाला लावून मला विचारतंय, वय किती, वय किती, आणि मला चौसष्ट इंग्रजीत सांगता येईना. अँब्युलन्स हा शब्द इंग्रजीच आहे, तरी तो पण आठवेना. आयर्लंडमधल्या कासलबारच्या त्या हॉलमध्ये सात-आठ गोऱ्या बायका उभ्या, आणि मी त्यांना मराठीत ओरडून सांगतेय, गाडी बोलवा गं, गाडी.

आणि एवढ्या सगळ्यात मी बघत काय होते, तर तुमच्या पायातले मोजे. निळे, लोकरीचे.

डब्लिनच्या मराठी मंडळातल्या एक ताई फोनवर म्हणाल्या, अंकात छापायला सासूबाईंवर थोडं लिहून दे, जन्म कुठला, माहेर कुठलं, स्वभाव कसा. मी म्हटलं, ताई, माझी दहावी पण झाली नाही, मला तसलं लिहायला येत नाही. त्या म्हणाल्या, मग बोलतेस तसं लिही. म्हणून मी तुमच्याशीच बोलतेय. आमच्या साताऱ्याकडं सासूला आत्याच म्हणतात, आणि आत्यांशी बोलताना मला धाप लागते, हे तुम्हाला माहितीच आहे.

तुम्ही यायच्या आधी दोन वर्षं मी इथं योगा शिकवत होते. शिकवत होते म्हणायला मला अजून लाज वाटते. ईश्वरीच्या शाळेच्या गेटवर नोरा भेटली होती, सत्तरीच्या पुढची, नातीला सोडायला यायची. तिनं विचारलं, तू इंडियाची ना, मग तुला योगा येत असणार. मला इंग्रजीत नाही म्हणायची भीती वाटते. हो म्हटलं की माणसं पुढं जातात, नाही म्हटलं की कारण सांगत बसावं लागतं. मी हो म्हटलं. पुढच्या गुरुवारी बघते तर चर्चच्या हॉलमध्ये पंधरा बायका मॅट घालून बसल्यात, आणि नोरा माझ्याकडं हात करून सगळ्यांना सांगतेय, हीच ती.

मला काय येत होतं? शाळेत पी.टी.च्या सरांनी शिट्टीवर घालून घेतलेले सूर्यनमस्कार. बास. बाकीचं मोबाइलवर बघून पाठ केलं. त्या मोबाइलमधल्या बाईचा आवाज पण पाठ केला, झोपेतनं बोलल्यासारखा. ब्रीद इन. ब्रीद आउट. ताडासन, वृक्षासन, मलासन, भुजंगासन, शवासन, चला घरी. दोन वर्षं तेच आणि तसंच. क्रम बदलायची माझी हिंमत नव्हती, क्रम चुकला तर पुढचा इंग्रजी शब्द आठवायचा नाही. पंधराच्या दहा झाल्या, दहाच्या सहा. त्या सहा पण माझी दया येऊन येत असणार. वर्ग संपला की "ग्रँड, ग्रँड", म्हणजे छान, छान, म्हणायच्या आणि घड्याळ बघायच्या. घरी मी एकटी करायचे ते पण तसंच, भांडी घासून पालथी घालावीत तसं. अंग वाकायचं, पण मी कुठं असायचे कुणास ठाऊक. पोळीचं पीठ, शाळेचा डबा, तुमच्या संदीपची हॉटेलातली शिफ्ट.

मग छोटी झाली. तुमचा व्हिसा उशिरा आला, तुम्ही आलात तोवर ती तीन महिन्यांची होती आणि बाळंतपण उरकलं होतं. पिशवीतले डिंकाचे लाडू बाहेर काढत तुम्ही म्हणालात, "वरात गेली आन् घोडं आलं बग." आणि त्याच आठवड्यात मी तुम्हाला गुरुवारी हॉलवर घेऊन गेले. मला दाखवायचं होतं. सून नापास आहे, पण इथं बायका तिच्यासमोर हात जोडून बसतात.

तुम्ही रेडिएटरजवळच्या खुर्चीत छोटीला मांडीवर घेऊन बसलात. तासभर गप्प. मी मनात म्हटलं, बघा, गार पडल्या. बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर तुम्ही विचारलंत,

"कोन गेलं गं ह्यांच्यातलं?"

"कुठं गेलं?"

"न्हाई, सगळ्या मयताला बसल्यावानी बसल्या व्हत्या, म्हून इचारलं."

मी चिडले. "आत्या, योग असा शांतच असतो."

"शांत येगळं आन् मेल्यालं येगळं."

"त्यात हसायचं नसतं."

"आसं कुनी सांगितलं? फोननं?"

आपलं ते भांडण घरापर्यंत चाललं, पावसात, बाबागाडी ढकलत. तुम्ही म्हणत होता, दम घ्यायचा आन् दम सोडायचा येवढंच हाय न्हवं, मग त्ये आमच्या पंचमीच्या खेळात बी हाय, आन् वर हसायला मिळतंय. मी म्हणत होते, ते खेळ आहेत, हे शास्त्र आहे. शास्त्र! हा शब्द मी कुठून काढला, मलाच माहीत नाही. घरी येऊन तुम्ही स्वयंपाकघरात फरशीवर उकिडव्या बसलात आणि कोथिंबीर निवडायला घेतलीत. टाचा पूर्ण खाली टेकलेल्या, पाठ सरळ, गुडघे बाजूला. मी दारात उभी राहून बघत राहिले. तेच आसन, मलासन, मी दोन वर्षं शिकवत होते आणि एकीची टाच टेकत नव्हती, माझी पण नाही. मोबाइलमधली बाई त्यात एक मिनिट बसून हात जोडायची. तुम्ही त्यात बसून जुडी संपवलीत, मग दुसरी घेतलीत. जन्मभर भांगलण केलेलं तुमचं अंग, मला तोपर्यंत त्याच्याकडं नीट बघायचं सुचलंच नव्हतं. भांडण माझ्या तोंडातच राहिलं. हरले असं पण मी म्हणाले नाही. ते आत्ता म्हणते.

तिसऱ्या गुरुवारी चौघीच आल्या. बाहेर नुसता पाऊस. भुजंगासनापर्यंत गाडी नीट आली आणि छोटी रडली, मी तिच्याकडं बघितलं, आणि संपलं, पुढचं काय ते डोक्यातनं गेलं. एकदम कोरं. त्या चौघी पालथ्या पडून माझ्या हुकमाची वाट बघतायत आणि मी नुसती उभी. एक मिनिट झालं असेल. मला वाटलं आता ह्या उठतील, मॅटा गुंडाळतील आणि परत येणार नाहीत.

तेव्हा तुम्ही उठलात. छोटीला गाडीत ठेवलंत, वहाणा काढल्यात, नेसण वर खोचलंत, आणि अशी टाळी वाजवलीत की चौघींनी माना वर केल्या. तुम्ही सरळ नोराच्या मॅटवर गेलात, तिच्या पाठीवर थाप मारली, "ए नोराबाय, ऊठ. लई झोपलीस." ती उठली. तुम्ही दोन्ही हात कैची करून पुढं केलेत. तिला काय कळलं कोण जाणे, तिनं पण केले.

आधी हळू, जातं फिरावं तसं. पाय जवळ, अंग मागं, नजर नजरेत. मग जरा जोरात. तुम्ही तोंडानं फू, फू करत होता, प्रत्येक गिरकीला एक, आणि नोराचा पण आपोआप फू यायला लागला. दोन वर्षं मी ज्यांना ब्रीद आउट, ब्रीद आउट म्हणत होते, त्या बाईचा श्वास मी पहिल्यांदा ऐकला. चष्मा उडाला. ती थांबली तेव्हा लालभडक झाली होती आणि पोट धरून हसत होती. म्हणाली, लग्नाआधी नाचाच्या हॉलमध्ये एकानं मला असं फिरवलं होतं, त्यानंतर आत्ता. तुम्हाला अक्षर कळलं नाही, पण तुम्ही म्हणालात, "व्हय की. मलाबी लई दिस झालं व्हतं."

मग सगळ्याच उठल्या.

त्या दिवसापासनं हॉल तुमचा झाला. मी एक आसन घ्यायचे आणि त्याला लागून तुम्ही एक खेळ. ताडासन झालं की पिंगा. मलासन झालं की कोंबडा, उकिडवं बसून उड्या, त्यात त्या बायकांची अशी दाणादाण की भिंतीला धरून हसायच्या. दमून लाल झाल्या की मग शवासन. मला तेव्हा कळलं, शवासन कशासाठी असतं. आधी त्या नुसत्याच निजायच्या, एक तर घोरायची. आता जमिनीला पाठ लागली की हॉलमध्ये दहा-बारा छात्या वर-खाली, वर-खाली, आणि मग हळूहळू सगळं निवत जायचं, उतू आलेलं दूध खाली बसावं तसं. मी मधे उभी राहून बघायचे आणि अंगावर काटा यायचा. तुम्ही म्हणायचात, "आदी दमा, मंग निजा. न दमता निजलं तर त्ये मरन."

तुमचं इंग्रजी! "यू, गुडगा वर." "यू, नो रडायचं." एकदा एका बाईनं पाय दुखतो म्हणून सांगितलं तर तुम्ही तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन चोळत बसलात आणि बाकीच्यांना मानेनंच हुकूम. त्या सगळ्या "दम धर" शिकल्या. पोस्टातल्या बाईनं मला काउंटरवरनं सांगितलं, रांग मोठी आहे, दम धर. मग म्हणाली, तुमच्या गुरुवारी फार क्रॅक असते म्हणे. क्रॅक म्हणजे इथं मजा, धमाल. मॅटा कमी पडायला लागल्या. प्रेसमधनं, म्हणजे हॉलच्या कपाटातनं, जुन्या चादरी काढून अंथरल्या.

आणि माझं सांगते. छोटी झाल्यापासून माझं अंग माझं नव्हतंच. शिंक आली तरी भीती, कमरेत कळ, आरशात बघू नये असं पोट. तुमच्या नादानं मी घरी एकटी असताना कोंबडा करायला लागले. ईश्वरी शाळेतनं येऊन बघायची आणि म्हणायची, "मॅमी, यू आर गॉन मॅड!" आणि ती पण उड्या मारायची. स्वयंपाकघरात मी तिच्यासोबत पिंगा घालताना मला एकदम कळलं की मी श्वास घेतेय. रोजच घेते, पण ते कळलं. असं वाटलं, हे एवढं मोठं काहीतरी चोवीस तास माझ्या छातीत चाललंय आणि मी कधी आत डोकावून बघितलं नाही. त्या दिवशी मला तुमच्या पाया पडावंसं वाटलं. तुम्ही आत निजला होता. मी नुसतं पांघरूण सारखं केलं.

आता मोजे.

नोरानं तुम्हाला पार्किंगमध्ये बघितलं, दहिवरानं जमीन पांढरी झालेली आणि तुमच्या पायात नुसत्या वहाणा. तिनं मला गुपचूप माप मागितलं. मीच तुमची वहाण वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिल फिरवली आणि कागद कापून दिला. आठवड्यात तिनं निळे मोजे विणून आणले. तुम्ही ते हातात घेऊन उलटसुलट केलेत, गालाला लावलेत, आणि मला म्हणालात, "माज्या पायासाटी आजवर कुनी येवढं केलं न्हवतं गं." नोरानं विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, आवडले म्हणतात. बाकीचं मला सांगता आलं नाही.

घरात घालायचात, रस्त्यावर घालायचात, झोपताना पण. पण हॉलमध्ये आलात की पहिल्यांदा मोजे काढून रेडिएटरवर. "पायाला भुई कळाय पायजे." मी रोज ओरडायचे. "आत्या, जमीन गार आहे. सर्दी होईल, छातीत भरेल, इथं डॉक्टरची वेळ मिळत नाही." तुम्ही म्हणायचात, "तू लई भित्री हायस." खरंच आहे. मी भित्री आहे. मला ह्या देशात पोस्टाच्या पाकिटाची पण भीती वाटते. आणि त्याच भीतीनं मी सगळ्यांना मोजे, टोप्या, स्वेटर घालत सुटते.

तुम्ही पण एक गाऱ्हाणं धरून बसला होता. "समद्यांसंगं खेळले, तू माज्यासंगं एकदा बी फुगडी घातली न्हाईस." मी टाळायचे. छोटीला बघायचंय, वर्ग घ्यायचाय. खरं कारण वेगळंच होतं. सासूच्या डोळ्यात डोळे घालून फिरायचं, मला लाज वाटायची.

तुमचं परतीचं तिकीट पंधरा दिवसांवर आलं होतं. त्या गुरुवारी हॉलचं हीटिंग बंद पडलेलं. नोरा नव्हती, डोळे दाखवायला गॉलवेला गेली होती. तुम्ही सवयीनं मोजे काढलेत आणि माझ्यासमोर हात केलेत. मी जमिनीला हात लावून बघितला, बर्फ. आणि मी म्हटलं,

"मोजे घालणार असाल तर खेळते."

तुम्ही म्हणालात, "फ्लोर ग्रँड हाय गं!" सगळ्या हसल्या. ईश्वरी सगळ्यात जास्त हसली.

"मग मी नाही खेळत."

तुम्ही खाली बसून लहान पोरीसारखं घाईघाईनं मोजे चढवलेत, वर आलात, आणि माझे हात धरलेत. तुमचे तळवे खरबरीत आणि गरम. तीन गिरक्या. मी मोजल्यात. तिसऱ्या गिरकीला मी तुमच्या तोंडाकडं बघितलं आणि मला एवढं हसू आलं, आत्या, एवढं, की मला वाटलं मी परत नऊ वर्षांची आहे. पॉलिश केलेली लाकडी फळी आणि लोकरीचे मोजे. मला कळायला नको होतं? साताऱ्याची कुठलीही पोर सांगेल, फुगडी अनवाणी घालतात.

हॉस्पिटलात त्यांनी कमरेचं हाड बसवलं. सगळे चांगले होते. एका नर्सनं तुम्हाला ते प्लास्टिकचं यंत्र दिलं, तीन गोळ्यांचं, नळी तोंडात धरून श्वास ओढायचा आणि गोळ्या वर चढवायच्या. तुम्ही पहिल्यांदा जोरात फुंकलंत. ती म्हणाली, नाही, आत ओढायचं. तुम्ही मला म्हणालात, "एकटीनं काय मजा न्हाई," आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला खूण करून तिच्याशी पैज लावलीत. तिच्या दोन गोळ्या, तुमच्या तीन. तिच्या तीन, मग तुमचे नखरे, "थांब, पदर सरकला व्हता." अख्ख्या वॉर्डच्या नर्सा बघायला. मोडलेल्या कमरेनं पडून तुम्ही तिथं पण हॉल केलात. हे कुठनं येतं माणसात? मी अजून विचार करते. शिकवून येत असतं तर मी आधी तेच शिकले असते.

त्यांनी तुमच्या पायात पांढरे घट्ट मोजे चढवले होते, रक्त साकळू नये म्हणून. तुम्ही पांघरूण वर करून दाखवलंत, "हितंबी मोजंच का गं?" आणि हसलात. मी पाणी आणते म्हणून बाहेर गेले आणि भिंतीला तोंड लावून उभी राहिले. तेव्हाच सांगायला हवं होतं. आत्या, माझं चुकलं. एवढे तीन शब्द. रोज ठरवून जायचे, रोज डबा उघडायचे, भात कालवायचे, घरी यायचे. तुम्हाला माहिती होतं का? तुम्ही एकदा पण त्या दिवसाचं नाव काढलं नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात छातीत भरलं. ज्याची मला भीती होती तेच, आणि गार जमिनीनं नाही, खाटेवर पडून राहून भरलं. दुपारची वेळ, छोटी माझ्या खांद्यावर निजलेली. तुमच्यानं गोळी उचलेना. तुम्ही यंत्र माझ्याकडं सरकवलंत. मी नळी तोंडात धरली आणि ओढलं, तिन्ही गोळ्या टाळकन वर गेल्या आणि तिथंच राहिल्या. तुम्ही डोळे बारीक करून बघितलंत, जशा बाजारात दाणे पारखायचात. म्हणालात, "दम चांगला हाय तुजा. वाया घालवू नगंस."

त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. संध्याकाळ व्हायच्या आधी गेलात.

मी नर्सला खुणेनं विचारलं आणि ते पांढरे मोजे माझ्या हातानं काढले. तुमच्या टाचांच्या भेगा. इथल्या एवढ्या साबणानं पण त्यातली काळी रेघ गेली नव्हती, गावची माती. मी त्यावर डोकं टेकलं. आयुष्यात इतक्यांदा तुमच्या पाया पडले, दिवाळीला, लग्नात, तिकीट काढून निघताना, पण पाय पहिल्यांदा बघितले.

तुम्हाला घरी ठेवलं तेव्हा इथल्या रीतीप्रमाणं सगळ्या बायका रांगेनं आल्या, एकेक जण माझा हात हातात घेऊन "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणत होती, इथं सांत्वनाला तसंच म्हणतात. नोरा शेवटी आली. तुमच्याकडं बराच वेळ बघून तिनं मला विचारलं, "त्या दिवशी हॉल गार होता म्हणे. तिच्या पायात माझे मोजे होते ना गं?"

संदीप माझ्या मागंच उभा होता. ईश्वरी माझा हात धरून. मी म्हटलं, हो. होते.

नोराचा चेहरा असा निवला. म्हणाली, "पाय तरी गरम होते तिचे."

संदीप दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. लहानपणी तुमच्या मागनं पंचमीला फिरलेला पोरगा, त्याला काय सांगायला लागत नव्हतं. तिसऱ्या दिवशी कांदा चिरत, पाठ माझ्याकडं, त्यानं विचारलं, "तू घालायला लावलेस?"

"हो."

सुरी चालत राहिली. मग म्हणाला, "आईला कुणी काही करायला लावू शकत नव्हतं. तुझ्याबरोबर खेळायचं होतं तिला, म्हणून घातले." आणि कांद्याचं निमित्त करून तोंड धुवायला गेला. मला माफ केलं का, मी विचारलं नाही. त्यानं हॉस्पिटलच्या पिशवीतनं तुमचे निळे मोजे काढून धुतले आणि रेडिएटरवर ठेवले, तुम्ही ठेवायचात तसे, दोन्ही टोकं खाली.

तेरावा झाला आणि पुढच्या गुरुवारी मी हॉल उघडला. उघडू नये असंच वाटत होतं, पण वाया घालवू नगंस म्हणालात ना. हीटिंग चालू होतं. बायका आल्या, आधी कधी आल्या नाहीत एवढ्या. सगळ्यात शेवटी नोरा, एक मोठी पिशवी घेऊन. तिनं ती मधोमध ओतली. मोजे. सगळे निळे, सगळे लोकरीचे, प्रत्येकीला एक जोडी. म्हणाली, "तिचे पाय गरम होते हे ऐकलं आणि त्याच दिवशी सुया घेतल्या. आता हे घालून सगळ्यांनी तिच्या नावानं फिरायचं."

बायका खाली बसून मोजे चढवायला लागल्या, हसतायत, डोळे पुसतायत, एकमेकींचं माप बघतायत. नोराच्या पायात आधीपासूनच होते. ती त्या चकचकीत फळीवरनं चालत माझ्यासमोर आली आणि दोन्ही हात कैची करून पुढं केले, तुम्ही शिकवलेत तसे. सत्तर वर्षांच्या पुढची बाई. हाडं तुमच्यापेक्षा जुनी.

मी हात दिले नाहीत. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. आत्या, माझ्या टाचा टेकल्या, पहिल्यांदा. मी तिचा पाय उचलून माझ्या गुडघ्यावर घेतला. तिला वाटलं मी पाया पडतेय, ती लाजून म्हणाली, "अगं, हे काय करतेस?" मी मोज्याच्या कडेत बोटं घातली आणि ओढला. तिची वाकडी पांढरी बोटं बाहेर आली. नोरा खाली माझ्याकडं बघत होती, हातात धरायला काही नाही म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवून तोल सांभाळत होती, आणि तिनं विचारलं, "का गं? आवडले नाहीत?"

एवढं म्हटलं असतं की आमच्यात अनवाणीच खेळतात, तर ते खोटं नव्हतं. तिथंच मिटलं असतं, आणि ती म्हातारी त्या गरम पायांच्या समाधानात राहिली असती. आणि खरं सांगितलं असतं तर तुमच्या पडण्यातला अर्धा वाटा तिच्या सुयांवर गेला असता, पण मग मला परत कधी तिच्या डोळ्यात बघून फिरताना नजर चोरावी लागली नसती. फुगडीत नजर चोरता येत नाही, पडायला होतं.

मी दम घेतला. पोटापर्यंत घेतला. आणि बोलले. काय बोलले ते आत्यांनी ऐकलंय. पण हे वाचणाऱ्या बायांनो, त्या म्हातारीचा गरम पाय तुमच्या हातात असता आणि ती वरनं वाट बघत असती, तर तुम्ही काय सांगितलं असतं?